वडा कुणी का तळेना

हे बघ, लेकीला गोष्ट चुकीची सांगतो म्हणून नवऱ्याशी भांडण काढू नकोस. तुझं म्हणणं कळतंय मला. डबे, ऑफिस, सासूबाईंची औषधं, सगळं उरकून रात्री तू पुस्तक घेऊन बसतेस आणि ओळ न् ओळ नीट वाचतेस. मग तो येतो, कोल्ह्याला रजनीकांतच्या थाटात बोलायला लावतो, पोर गादीवर उड्या मारायला लागते आणि झोप पार उडते. राग येणारच गं.

पण खरं सांगू का, त्याची अडचण तुझ्या लक्षातच आलेली नाही. तू पुण्याची, देवनागरी तुझ्या हाडात मुरलेली. तो तंजावूरचा मराठी. आजीशी मराठीत बोलत वाढला, पण शाळेत शिकला तमिळ आणि इंग्रजी. इथल्या कितीतरी मराठी घरांत हेच आहे. तोंडात मराठी, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं. तुझं पुस्तक त्याला सरळ वाचता येत नाही, म्हणून तो चित्रं बघून सांगतो. आणि तू मधेच म्हणतेस, "अहो, असं नाही म्हणत मराठीत!" तेही पोरीसमोर. हे आजपासून बंद. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथं आले ते १६७५च्या सुमाराला. तेव्हापासून कावेरीकाठी टिकलेली बोली आहे त्याची, ती पुण्याहून तपासून घ्यायची गरज नाही.

आता त्या कोल्हा-कावळ्याच्या गोष्टीचंच घे. तुझ्या पुस्तकात कावळ्याच्या चोचीत पोळी आहे, त्याच्या गोष्टीत वडा आहे. तमिळ घरांत ही गोष्ट वड्याशिवाय होतच नाही : पाट्टी, म्हणजे आजी, झाडाखाली वडे तळतेय, कावळा एक पळवतो, कोल्हा म्हणतो गाणं म्हण. हल्ली तर कावळा शहाणा झालाय, वडा पायाखाली दाबतो आणि मग गातो! मूळ इसापाच्या गोष्टीत कुणी चीज म्हणतं, कुणी मांस. मग वड्यानं काय घोडं मारलंय? आणि गंमत बघ, हाच इसाप मराठीत अगदी पहिल्यांदा छापला गेला तो पुण्या-मुंबईत नाही, तुझ्या तंजावुरात. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०५च्या सुमाराला देवनागरी छापखाना घातला, त्यातून इसापाची 'बालबोध मुक्तावली' निघाली. ग्रीक माणसाची गोष्ट, मराठी अक्षरं, तमिळ मुलूख. त्या गावात बसून तू शुद्ध गोष्टीचा हट्ट धरतेस?

तू म्हणशील, त्याला दोनदा सारखी गोष्ट सांगताच येत नाही. अगं, कीर्तनकाराला कुणी विचारतं का, काल असं म्हणाला होतात, आज तसं का? मोरगावकर बुवांनी इथल्या लोकांना मराठी कीर्तनाची गोडी लावली. कृष्ण भागवतरांनी त्यातल्या साक्या, दिंड्या, ओव्या घेऊन तमिळ हरिकथा उभी केली. तेच आख्यान दर वेळी नव्यानं रंगायचं. तुझा नवरा त्याच मातीतला, त्याला पानाला बांधून कसा ठेवशील?

याचा अर्थ तू चुकतेस असाही नाही हं. २०११मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांवर अभ्यास झाला. ज्या मुलांना तीच गोष्ट पुन्हापुन्हा वाचून दाखवली, ती नवे शब्द जास्त शिकली. म्हणजे तुझं तेच पुस्तक, तेच शब्द, कंटाळा आला तरी चालू दे. आणि त्याच्या बाजूनंही बोलते : १९८८मध्ये अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि मंडळींनी आईबापांना वाचताना मधे थांबून मोकळे प्रश्न विचारायला शिकवलं. महिन्याभरात मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. "आता कोल्हा काय करेल गं?" असं तो विचारतो ना, तेच ते. तू मात्र गोष्ट संपली की "तात्पर्य काय?" विचारतेस, ते सोड. दमलेल्या पोरीची परीक्षा कसली घेतेस!

माझी शिस्तही काही फार थोर नव्हती, बरं का. वाचता वाचता मलाच डुलकी लागायची. राजा शिकारीला निघायचा आणि माझ्या तोंडून जायचं, "राजानं दोन किलो कांदे घेतले." मुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा कांदेवाला राजाच मागायची.

भांडण खरं तर गोष्टीचं नाहीच, वेळेचं आहे. क्रम बदल. जेवण झालं की आधी त्याची पाळी, दिवा लख्ख, बाहेरच्या खोलीत, उड्या मारायच्या तेवढ्या मारू दे. मग दात घासणं, पाणी पिणं, आणि शेवटी अंथरुणात तू, मंद दिव्यात, ठरलेलं पुस्तक. राक्षस, भूत, युद्ध जे काय असेल ते त्याच्या पाळीत. हे दोघांनी दिवसा बसून ठरवा, रात्री पोरीच्या डोक्यावरून नव्हे. आणि "दूध प्यायली नाहीस तर गोष्ट नाही" ही धमकी दोघांपैकी कुणीच द्यायची नाही. त्यावर मी अडून बसणार.

पुस्तकांचंही सांगते. चेन्नईचं तूलिका प्रकाशन तमिळ आणि मराठी, दोन्हींत मुलांची चित्रपुस्तकं काढतं. एकच पुस्तक दोन्ही भाषांत मिळालं तर दोन्ही प्रती घे. त्याची तमिळ, तुझी मराठी. बघ, तो किती झरझर वाचतो ते! मग हळूच त्याला देवनागरी शिकायची हौस आली तर लेकीच्या पाटीवरच शिकू दे, ती शिकवेल. तू मास्तरीण होऊ नकोस.

आणि सासूबाईंना विसरलीस वाटतं? शनिवारची पाळी त्यांना दे. त्यांच्या गोष्टीत भात करपतो, नातेवाईक येतात, मधेच कुणाचं तरी लग्न लागतं. ती गोष्ट अकरापर्यंत लांबते, हे मी आत्ताच सांगून ठेवते. रविवारी उशिरा उठा.