पाठीवरचं ओझं आधी उतरव

परवा लक्ष्मी टेकडीपाशी भेटलीस, हेल्मेट काढलंस आणि खांदा चोळत म्हणालीस, "ताई, बाईक विकतो आणि डिकीवाली स्कूटर घेतो." शिफ्टची वेळ झाली होती, म्हणून तेव्हा गप्प बसले. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. पगारातून पै-पै साठवून घेतलेली आर-१५ तू डबा ठेवायला जागा नाही म्हणून विकणार? नको गं. बाईक तीच राहू दे, सामान न्यायची रीत बदल.

आज घरी गेलीस की पहिलं काम कर. सॅक जमिनीवर उलटी कर आणि तीन ढीग लाव : रोज न्यावं-आणावं लागतंच ते, कंपनीत राहिलं तरी चालेल ते, आणि उगाच फिरतंय ते. सेफ्टी शूज, ॲप्रन, जादा ड्रेस, छत्री, चार्जर हे सगळं दुसऱ्या ढिगात जाईल. त्याची जागा कंपनीच्या लॉकरमध्ये. लॉकर मिळाला नसेल तर सुपरवायझरकडे माग, संकोच करू नकोस. कामगारांचे कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला सोय असावी, हा विचार १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४३ मध्येच होता. पंचतारांकित एमआयडीसीत जुलैचा पाऊस अंगावर घेत पोचणाऱ्या बाईला कोरडा ड्रेस तिथेच मिळाला, तर तो रोज पाठीवर का वाहायचा?

आता डबा. आपल्या बाईकवर पुढे वाकून बसावं लागतं. पाठ तिरकी, म्हणून सॅक तिरकी, म्हणून डबाही आडवा. आमटी सांडते ती त्यामुळे. उभे थर असलेला डबा घरी ठेव. रबराची रिंग आणि चारी बाजूंना क्लिप असलेला चपटा डबा घे. त्यात सुकी भाजी, झुणका, उसळ काय ते भर. भाकरी सुती फडक्यात गुंडाळून वेगळी ठेव. आणि एवढं माझं ऐकच, स्टीलचा डबा किंवा बाटली मणक्याला टेकेल अशी ठेवू नकोस. पडलीस तर तीच वस्तू पाठीत घुसते. पाठीच्या बाजूला रेनकोट, टॉवेल असं मऊ काहीतरी आणि कडक वस्तू बाहेरच्या बाजूला.

सॅकचे पट्टे तू आवळून घेतेस, म्हणून सगळं वजन खांद्यावर आणि तिथून मनगटांवर येतं. पट्टे थोडे सैल कर, सॅकचा तळ मागच्या सीटवर टेकू दे आणि छातीवरची क्लिप लाव. सैल केलेल्या पट्ट्यांची टोकं मात्र गुंडाळून आत खोच. माझ्या सॅकचा असाच एक पट्टा लोंबत होता. गोकुळ शिरगावच्या पुढे तो चेनपाशी गेला आणि सॅकला हिसका बसला. ट्रॅफिकमुळे हळू चालले होते, म्हणून निभावलं. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून निम्म्या चाकाला तरी आडोसा हवा, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. तो आडोसा कुणी काढून टाकायला सांगितला तरी काढू नकोस. ओढणीही गाठ मारून जॅकेटच्या आतच हवी.

मागच्या सीटखाली मूठभर जागा आहे. तिथे पंक्चर किट, सॅनिटरी पॅडची झिपची पिशवी, एक फडकं, दोनशे रुपये आणि सामान बांधायची गुंडाळलेली जाळी बसते. वायरींवर दाबून काही कोंबू नकोस. लायसन्स आणि आरसी बुकाची फाईल बाळगायची गरज नाही. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत चालते. फोन मात्र चार्ज असू दे.

हँडलला पिशवी कधीच अडकवू नकोस, अगदी कोथिंबिरीची जुडीसुद्धा. आपलं हँडल टाकीला इतकं जवळ असतं की वळताना पिशवी मध्ये येते आणि हँडल अडतं. ऊस तोडणीच्या दिवसांत समोर दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो, तेव्हा हँडल अडून कसं चालेल? भाजी, दूध घराजवळच्या शेवटच्या वळणावर घे. जास्त सामान असलं तर मागच्या सीटवर जाळीने बांध. हूक पक्क्या लोखंडाला लाव, प्लास्टिकला किंवा नंबर प्लेटला नको. मागचा दिवा, इंडिकेटर झाकला जात नाही ना, पिशवी सायलेन्सरला टेकत नाही ना, हे बघ. मग हाताने जोरात हलव. दोन-तीन किलोमीटरवर थांबून पुन्हा एकदा हात लाव, कारण सामान बसलं की जाळी सैल होते.

अगं, त्या बाईकवर तू गेटातून आत येतेस तेव्हा गारमेंटच्या नवीन पोरी वळून बघतात, मी पाहिलंय. रविवारी बाईक घेऊन घरी ये. डबा, रेनकोट, बाटली रोजच्यासारखी भरूनच आण. पट्टे किती सैल सोडायचे ते अंगणात तुला बाईकवर बसवूनच ठरवू.