सहीआधी वाचायचा कागद

नागपूर

चि. भाचीबाईस,


संस्थेची सचिव झालीस, त्याचं अभिनंदन फोनवर केलंच. महाशिवरात्रीला गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या यात्रेत पाणी आणि फराळ वाटायचं ठरलंय. गोंदियाचा विमा एजंट ‘पब्लिक लायबिलिटी पॉलिसी काढून टाका’ म्हणून मागे लागलाय आणि कार्यकारिणीतले काका म्हणतात, देवाचं काम फुकट करतो, आपल्यावर कोण केस टाकणार? माझी सगळी नोकरी जनरल इन्शुरन्सच्या टेबलावर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काकांचा मुद्दा. 23 डिसेंबर 1995 ला हरियाणातल्या डबवालीत एका शाळेच्या बक्षीस समारंभात मंडप पेटला आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक शाळकरी मुलं आणि त्यांच्या आया. शाळा धंदेवाईक नव्हती, संस्थेची होती. तरीही 2009 मध्ये उच्च न्यायालयाने भरपाईचा बोजा सभागृहवाल्यावर आणि सरकारी यंत्रणांवर टाकला, तेव्हा शाळेलाही वगळलं नाही. काम फुकट होतं की पैसे घेऊन, हा प्रश्न कोर्टात दुय्यम असतो. लोकांना बोलावलंत, तर त्यांची पुरेशी काळजी घेतली होती का, हे आधी विचारलं जातं.

तुमच्याकडे मंडप छोटा आहे, मान्य. पण फराळाचं काय? फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात खाटा पुरेनात, म्हणून झाडांना दोर बांधून त्याला सलाइनच्या बाटल्या लटकवल्या आणि लोकांना रस्त्याकडेला झोपवून उपचार केले. ते फोटो तूही पाहिले असशील. त्या प्रसादात भगर होती. तुम्हीही भगरच करणार आहात.

आता एजंटचं. ‘काढून टाका’ म्हणण्याइतकी ही सोपी वस्तू नाही. ही पॉलिसी अपघाताचे पैसे देत नाही, अपघातात संस्थेवर जी कायदेशीर जबाबदारी येते तिचे देते, वकिलाच्या खर्चासकट. तेही फक्त बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर. तुमचा स्वयंसेवक शिडीवरून पडला, तर ही पॉलिसी त्याच्यासाठी नव्हे. त्याला वैयक्तिक अपघात विमा हवा. सरकार दहीहंडीच्या गोविंदांचा काढतं, तोच प्रकार. पगारी माणसाचा हिशेब आणखी वेगळा. मुंबईच्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी गणपती मंडळाने 2022 ला 316.40 कोटींचा विमा काढला, तेव्हा वर्तमानपत्रांनी तो एकच आकडा मोठ्या टायपात छापला. त्यातले 263 कोटी स्वयंसेवक, आचारी, पहारेकरी अशा माणसांच्या अपघात विम्याचे होते, जवळजवळ 32 कोटी दागिन्यांचे, आणि भाविकांच्या जबाबदारीपोटी म्हणजे पब्लिक लायबिलिटीचे 20 कोटी. आकडा त्यांचा त्यांना लखलाभ, तू फक्त वाटणी बघ.

एजंटला सांग, ‘नॉन-इंडस्ट्रियल’ पॉलिसीचं कोटेशन हवं. 1991 च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याखालची जी पॉलिसी असते, ती भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आली. नावं सारखी असल्याने नवखा एजंट गोंधळतो. तुमच्या ‘नॉन-इंडस्ट्रियल’ पॉलिसीत शाळा, वाचनालयं, मंडप, जत्रा हे सगळं बसतं. पण खाद्यपदार्थांतून झालेली बाधा बहुतेक वेळा मूळ पॉलिसीत नसते, ती जादा प्रीमियम भरून जोडून घ्यावी लागते. वादळ-भूकंपाचंही तसंच, त्याला तिथे ‘ॲक्ट ऑफ गॉड’ म्हणतात, महादेवाच्या यात्रेत हे कलम वाचून काका हसतील. भगरीचं कलम जोडलं नाही, तर बाकी सगळं काढून तुमच्या कामाचं काही नाही.

मर्यादा दोन असतात, एका अपघातासाठी आणि सबंध वर्षासाठी. दोन्ही आकडे विचार, आणि सुरुवातीची किती रक्कम संस्थेने सोसायची तेही. एजंटने सांगितलेल्या प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी धर.

प्रपोजल फॉर्म स्वतः भर, एजंटला भरू देऊ नकोस. किती लोक येतात, स्वयंपाक कुठे होतो, गॅस सिलिंडर किती, वायरिंग कुणाचं, हे खरं लिही. प्रीमियम वाचावा म्हणून पाच हजारांच्या जागी पाचशे लिहिलेले फॉर्म मी पाहिलेत. दावा आल्यावर कंपनी तोच फॉर्म आधी काढते. कायद्याचे नियम जाणूनबुजून मोडले असतील, तर पॉलिसी हात वर करते आणि दंडाचे पैसे तर कधीच देत नाही. म्हणून अन्नवाटपाची नोंदणी आणि मंडपाची परवानगी ही कामं पॉलिसीच्या आधीची.

मंडपवाल्याला त्याचा स्वतःचा विमा आहे का, ते विचार. पायऱ्यांकडे लक्ष ठेव. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीला जवळजवळ तीनशे माणसं चेंगरून गेली, तेव्हा फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. पाण्याचा स्टॉल असला की चिखल होणारच; तो वाटेपासून लांब लाव.

आणि काही घडलंच, तर माणसाला आधी दवाखान्यात ने. पण ‘चूक आमचीच, खर्च आम्ही देऊ’ असं कंपनीला न विचारता लिहून देऊ नकोस. त्याच दिवशी कंपनीला लेखी कळव, दावा कुणी केला नसला तरी. या पॉलिसी बहुधा दावा कधी आला त्यावर चालतात, आणि वकिलाची नोटीस सहा महिन्यांनी येते. तुझं पत्र आधी पोचलेलं असेल, तर तो दावा सहसा जुन्याच पॉलिसीत धरतात.

कोटेशन आलं की पहिल्या पानाचा नाही, शेवटच्या दोन पानांचा फोटो पाठव. शर्ती तिथे असतात. भगर मात्र चांगल्या दुकानातून बंद पाकिटातली घे, सुटी नको, आणि बिल जपून ठेव.

तुझा,
मामा