बाटलीवरचे चित्र आणि बाटलीतील दूध

तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीवर ससा, फुलपाखरू किंवा मापाच्या रेघा छापलेल्या असतात. प्लॅस्टिकच्या वाट्या, ताटल्या व पेले यांवरही अशीच रंगीत नक्षी आढळते. (ती पसंत करतात ती वडीलधारी माणसे, बाळाचे लक्ष दुधाकडे असते.) चित्र बाहेरच्या अंगाला आणि दूध आतल्या अंगाला, तेव्हा दोहोंचा संबंध येतोच कोठे, असा सर्वसाधारण समज आहे. २००५ साली इटलीत घडलेल्या एका प्रकरणाने तो समज फोल ठरविला.

त्या वर्षी तेथील तयार बालदुधात आयसोप्रोपाइल थायोझँथोन नावाचे द्रव्य आढळून आले. छपाईची शाई अतिनील किरणांखाली क्षणार्धात वाळावी म्हणून ते शाईत घालतात. दुधाची खोकी कागद व प्लॅस्टिक यांच्या थरांची असून छपाई केवळ बाहेरच्या बाजूस होती. मग शाईतील द्रव्य दुधापर्यंत पोचले कसे? छापलेला कागद मोठ्या रिळांवर गुंडाळून ठेवला जातो. त्या गुंडाळीत एका वेढ्याची छापील बाजू दुसऱ्या वेढ्याच्या आतील, म्हणजे पुढे दुधाला लागणाऱ्या, बाजूवर दाबून बसते. शाईत शिल्लक राहिलेले द्रव्य अशा रीतीने, डोळ्यांना काहीही न दिसता, पलीकडे उतरले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये सुमारे ३ कोटी लिटर दूध जप्त करण्यात आले. आढळलेल्या प्रमाणात हे द्रव्य आरोग्यास चिंताजनक नाही, तथापि अन्नात ते असणे अनिष्ट होय, असा अभिप्राय युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच डिसेंबरात दिला. एकात एक रचलेल्या छापील वाट्यांनाही हाच मार्ग मोकळा असतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

बालकांच्या बाबतीत एवढी दक्षता का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. पाच किलो वजनाचे बाळ दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर दूध पिते. त्याच मानाने साठ किलोच्या प्रौढास रोज नऊ लिटर प्यावे लागेल! शिवाय बाळाचा आहार एकच आणि बाटलीही बहुधा एकच.

परीक्षणाची पद्धत वरवर सोपी आहे. दुधात स्निग्धांश व प्रथिने असल्याने त्यातून सूक्ष्म द्रव्ये वेगळी काढणे अवघड जाते. म्हणून त्याच्या जागी तीन टक्के ॲसेटिक आम्ल, पाण्यात मिसळलेले अल्कोहोल किंवा तेल यांसारखे प्रातिनिधिक द्रव वापरतात. वस्तूचा प्रत्यक्ष वापर कसा होतो ते पाहून, उदाहरणार्थ ७० अंश सेल्सिअसवर दोन तास, द्रव तिच्या संपर्कात ठेवतात. द्रव तेलाखेरीज दुसरा असेल, तर नंतर तो आटवून उरलेला अंश तराजूवर तोलतात. वारंवार वापरावयाच्या वस्तूची चाचणी, युरोपीय नियमांनुसार, दर वेळी नवा द्रव घेऊन लागोपाठ तीनदा करावी लागते. भारतात २०१८ च्या अन्न वेष्टन विनियमांनी या एकूण अंशाची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम ठरविली असून, डोळ्यांना दिसेल असा रंग उतरता कामा नये, असेही म्हटले आहे.

परंतु खरी मेख पुढेच आहे. तराजू एकूण वजन सांगतो. ते कशाचे, हे सांगत नाही. इटलीतील दुधात सापडलेले द्रव्य लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी होते. ६० मिलिग्रॅमच्या कसोटीस ते दूध सहज उतरले असते! असे द्रव्य पकडण्यास क्रोमॅटोग्राफीची उपकरणे लागतात, आणि त्याहूनही अगोदर, काय शोधावयाचे ते ठाऊक असावे लागते. शाईचे घटक उत्पादकाने कळविले नाहीत, तर प्रयोगशाळा अंधारात चाचपडते. यास्तव ज्या तपासणी अहवालात केवळ एकूण अंशाचा आकडा आहे, तो छापील वस्तूच्या बाबतीत अपुराच समजला पाहिजे.

दुधाच्या बाटल्यांपुरता आपल्याकडील कायदा कडक आहे. १९९२ च्या अधिनियमाप्रमाणे भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह नसलेली बाटली विकता येत नाही, तसेच बाटल्यांची जाहिरात करण्यासही मनाई आहे. बिस्फेनॉल-ए हे द्रव्य बाटल्यांतून वगळण्याची तरतूद २०१५ च्या सुधारित मानकात झाली. आठवड्याच्या बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या रंगीत बाटल्यांवर हे चिन्ह आहे किंवा नाही, हे पंचायत सदस्यासही पाहता येईल. चित्र नखाने खरवडताच सुटत असेल, रंग आतल्या अंगाला असेल किंवा वस्तूस शाईचा उग्र दर्प येत असेल, तर ती संशयास्पद मानावी. नमुना पाठविताना वस्तू न वापरलेल्या व एकाच खेपेतील असाव्यात, आणि एकापेक्षा अधिक असाव्यात. तीनदा भरावयाची बाटली चाचणीत फुटली तर दुसरी हाताशी हवी.