थरांच्या स्फटिकांविषयी चि. मृण्मयीस



थरांचे चुंबकीय स्फटिक अभ्यासायचे ठरवल्यावर चि. मृण्मयीने आरंभीच मनाशी पक्के करावे की, स्फटिक वाढवणे आणि त्यावर मोजमापे घेणे ही दोन वेगळी कामे नव्हेत. या पदार्थांत एका थरातील अणू घट्ट रासायनिक बंधांनी जोडलेले असतात, पण थराथरांमध्ये केवळ व्हॅन डर वाल्स बल, म्हणजे विद्युतभार समतोल असलेल्या अणुरेणूंमधले क्षीण आकर्षण, काम करते; त्यामुळे एक थर दुसऱ्यावरून सरकायला फारसे निमित्त लागत नाही, आणि थर कसे बसले आहेत यावर चुंबकत्वही पालटते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अल्फा-रुथेनियम ट्रायक्लोराइडचे आहे. अलेक्सेई किताएव यांनी 2006 मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीवरील स्पिनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकीय गुणाचे, असे प्रतिमान मांडले की ज्यात निरपेक्ष शून्यापाशीही स्पिन कोणत्याही एका मांडणीत गोठत नाहीत, आणि त्या अवस्थेच्या शोधात अनेक प्रयोगशाळा या काळ्या, चमकदार पापुद्र्यांकडे वळल्या. प्रत्यक्षात या पदार्थाचे स्पिन थंडीत नागमोडी रांगांनी लागतात आणि शेजारच्या रांगांची दिशा परस्परविरुद्ध असते. मात्र हे कोणत्या तापमानाला घडते याविषयी सुरुवातीच्या निष्कर्षांत मेळ नव्हता, कारण कुठे 7 केल्विन, कुठे 14, तर कुठे दोन्ही तापमानांना या मांडणीत जाण्याचे संक्रमण दिसत होते. उलगडा अखेर स्फटिकाच्या प्रतीतून झाला. थर एकाच क्रमाने नीट रचलेले असतील तर 7 केल्विनच्या आसपास एकच संक्रमण दिसते, रचनेचा क्रम जागोजाग चुकलेला असेल तर 14 केल्विनचेही उमटते. इतकेच नव्हे, तर उत्तम स्फटिक नुसता वाकवला तरी ते उमटते.

म्हणून असा स्फटिक चिमट्याने दाबून धरू नये, कात्रीने कापू नये, आणि थंड होताना आक्रसून त्याला ताणणाऱ्या कडक गोंदाने तो चिकटवण्यापेक्षा ग्रीसचा अगदी पातळ लेप द्यावा. सुमारे 150 केल्विनला थरांची रचना स्वतःच बदलते, तेव्हा तेथून खाली उतरताना घाई करू नये.

स्फटिक वाढवण्याची रीत बहुधा बाष्पाची असते. क्रोमियम ट्रायआयोडाइड या अशाच दुसऱ्या थरांच्या चुंबकीय पदार्थासाठी एका क्रोमियम अणूमागे तीन आयोडिन अणू या प्रमाणात द्रव्ये क्वार्ट्झच्या नळीत घालून, ती निर्वात करून, ज्योतीने तोंड वितळवून बंद करतात, आणि मग नळीचे एक टोक 650 व दुसरे 550 अंश सेल्सिअसच्या सुमारास ठेवले की गरम बाजूचे द्रव्य बाष्परूपाने सरकून थंड बाजूला पापुद्र्यांच्या रूपाने वाढते. नळी भरण्यापूर्वीच आयोडिनच्या बाष्पाचा दाब गणिताने काढावा, कारण अंदाजाने भरलेली नळी भट्टीत फुटते, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांची किंमत कोणत्याही स्फटिकापेक्षा अधिक आहे.

याच पदार्थाचा एकच थर 45 केल्विनपर्यंत लोहचुंबक राहतो, हे 2017 मध्ये दाखवले गेले. जाड स्फटिकात ही मर्यादा 61 केल्विन आहे. पण दोनच थर घेतले तर त्यांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध होते. जाड स्फटिकाचे थर थंड होताना 200 केल्विनच्या थोडे वर सरकून नव्या क्रमाने बसतात, तर पातळ पापुद्र्यात जुनाच क्रम टिकून राहतो, असे याचे कारण मानले जाते. म्हणजे येथेही निवाडा थरांच्या बैठकीनेच होतो. हा पदार्थ दमट हवेत लवकर विरघळून जातो, त्यामुळे नळी आर्गॉन भरलेल्या बंद पेटीतच फोडावी.

प्रत्येक स्फटिकाचा विशिष्ट उष्मा, म्हणजे त्याचे तापमान एका अंशाने वाढवायला एकक वस्तुमानामागे लागणारी उष्णता, मोठ्या प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतरही मोजावा, आणि दोन आलेख सारखे आले नाहीत तर मधल्या निष्कर्षांवर विसंबू नये. कोणत्या नळीतला, भट्टी किती सावकाश उतरवली, पापुद्रा सोलला की अखंड ठेवला, हे स्फटिकाच्या क्रमांकापुढे त्याच दिवशी वहीत लिहावे.