धाप हृदयाची की फुफ्फुसाची?

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, मी निवासी डॉक्टर असताना, दोन महिन्यांचे एक बाळ ‘छातीत कफ’ म्हणून दाखल झाले. श्वास मिनिटाला सत्तर, छातीत सूं-सूं आवाज. मी वाफारा दिला, सलाईन लावले. पहाटे धाप वाढली तेव्हा वरिष्ठांनी बाळाच्या पोटावर हात ठेवला. यकृत चार बोटे खाली उतरलेले होते. दूध पिताना कपाळाला दरदरून घाम येतो, हे आईने मला संध्याकाळीच सांगितले होते. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र होते आणि माझ्या सलाईनने त्या थकलेल्या हृदयावरचा भार वाढवला होता. बाळ वाचले, हे माझे भाग्य.

आज अशा वेळी रक्तातील एका प्रथिनाचे साहाय्य मिळते. मंडळाच्या वैद्यकेतर वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की तेथील स्नायुपेशी १०८ अमिनो आम्लांचे एक प्रथिन निर्माण करतात. त्याचे दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा ‘बीएनपी’ हा तुकडा मीठ व पाणी लघवीवाटे बाहेर टाकावयास लावतो. ७६ अमिनो आम्लांचा ‘एनटी-प्रोबीएनपी’ निष्क्रिय, पण रक्तात अधिक काळ टिकणारा. १९८८ साली जपानी संशोधकांना बीएनपी प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून नावात ‘ब्रेन’. पुढे त्याचे मुख्य उगमस्थान हृदयाचे खालचे कप्पे ठरले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

२००२ साली धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १५८६ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बीएनपीची १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा धरता सुमारे ८३ टक्के रुग्णांत निदान अचूक ठरले. माझ्या मते या चाचणीचे खरे बळ नकारात आहे. प्रौढात एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल तर हृदय अचानक निकामी झाल्याची शक्यता फार कमी. वाढलेला आकडा मात्र वार्धक्याने, मूत्रपिंडविकाराने वा फुफ्फुसातील गुठळीनेही वाढतो. स्थूल व्यक्तीत तो फसवा कमी येतो. सॅक्युबिट्रिल घेणाऱ्यांत बीएनपी औषधानेच वाढते. तेथे एनटी-प्रोबीएनपी पाहावे.

बालकांत तर प्रौढांचे आकडे लावूच नयेत. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत निरोगी अर्भकाची पातळीही बरीच उंच असते व नंतर झपाट्याने उतरते. अहवालाशेजारी छापलेली ‘सामान्य’ मर्यादा बहुधा प्रौढांची असते, हे पालकांनाही समजावून सांगावे लागते. धाप लागलेल्या तान्ह्यात वयाच्या मानाने पातळी फार वाढलेली दिसली, तर मी इकोसाठी सकाळची वाट पाहत नाही. रक्त घेण्यापूर्वी मात्र पोटावर हात ठेवतो आणि आईला घामाविषयी विचारतो.