कॉलेजचा पाट आपल्या शेतापर्यंत



कॉलेज म्हटले की आपल्यातले पुष्कळजण मान हलवतात. "ते मोठ्यांचं काम. आपला काय संबंध?" असे म्हणतात. आम्ही चाळीस वर्षे शाळेत काढली. हे बोलणे आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. म्हणून या पाठात आपण कॉलेजच्या पैशाविषयी वाचू. हा पैसा कोठून येतो, कोणाला मिळतो आणि आपल्या मुलामुलींपर्यंत तो कसा पोचेल, ते पाहू.

पैसा कोणाचा?

सरकार कॉलेजांना पैसे देते. सरकारजवळ पैसे कोठून आले? तुम्ही साबणाची वडी घेता, चपलेचा जोड घेता. त्या किमतीत कर असतो. पंपाच्या डिझेलमध्ये कर असतो. ज्याच्याजवळ गुंठाभर जमीन नाही, तो मजूरही कर भरतो. म्हणजे सरकारी पैसा हा आपलाच पैसा आहे. तळ्यात पाणी आपण सगळ्यांनी भरले. मग पाट सगळ्यांच्या शेतात गेला पाहिजे.

पण पाटाचे पाणी कसे जाते, ते तुम्हांला ठाऊक आहे. वरच्या शेतकऱ्याचे भिजते. शेवटच्या शेतापर्यंत पोचेतो पाणी आटून जाते. शिक्षणाचेही फार वर्षे असेच झाले.

जुनी हकिकत

१८५७ साली मुंबईचे विद्यापीठ स्थापन झाले. त्या वेळी शहरातल्या थोड्या घरांतलीच मुले तेथे शिकू शकली. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्याला हंटर आयोग म्हणतात. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन मांडले. त्यांचे म्हणणे असे होते: सरकारचा पैसा रयतेच्या घामातून येतो. तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. ज्याने घाम गाळला, त्याचे पोर मात्र अक्षराला पारखे राहते.

पुढे काही मोठ्या माणसांनी हा पाट खाली वळवला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे सुरू केली. खेड्यातला मुलगा शहरात आला तर राहील कोठे, जेवेल काय, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती दिली आणि अमेरिकेला शिकायला पाठवले. तो तरुण पुढे आपल्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला.

बाबासाहेबांनी ही गोष्ट स्वतःपुरती ठेवली नाही. दलित विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्या, अशी मागणी त्यांनी सरकारकडे लावून धरली. १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी ती शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढले. मुलांनी अंगमेहनत करावी आणि शिकावे, ही 'कमवा आणि शिका' योजना त्यांनी रुजवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकले. आज आपण फॉर्म भरतो, त्याच्या मागे त्या माउलीचे मंगळसूत्र आहे, हे विसरू नये.

फी माफ, भाकरी नाही

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास, राज्य सरकारने गरीब घरच्या मुलांची फी माफ केली. त्यात जात पाहिली जात नव्हती, उत्पन्न पाहिले जात होते. तिला लोक 'ई.बी.सी. सवलत' म्हणत. या सवलतीने खेड्यापाड्यांतली पुष्कळ मुले पदवीपर्यंत गेली.

आम्ही मात्र गेलो नाही. आम्ही जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झालो. फी माफ होणार होती. पण कॉलेज तालुक्यालाही नव्हते, जिल्ह्याला होते. खोलीचे भाडे, खानावळ, एस.टी., पुस्तके यांचा हिशेब वडिलांनी बोटांवर केला. मग ते गप्प बसले. फी माफ होती, भाकरी माफ नव्हती. आम्ही मास्तरकीची वाट धरली. आम्हांला त्याचे दुःख नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट शिकलो. फी हा कॉलेजच्या खर्चाचा एक भाग आहे. सगळा खर्च नव्हे.

तीन प्रकारची कॉलेजे

आता कॉलेजे गावाजवळ आली आहेत. मराठवाड्याला १९५८ साली विद्यापीठ मिळाले, कोल्हापूरला १९६२ साली. अमरावतीला १९८३ साली, जळगावला १९९० साली, नांदेडला १९९४ साली आणि गडचिरोलीला २०११ साली विद्यापीठे झाली.

पण सगळी कॉलेजे सारखी नसतात. प्रवेश घेण्याआधी नीट विचारावे.

पहिला प्रकार सरकारी. तेथे सगळा खर्च सरकार चालवते. फी कमी असते.

दुसरा प्रकार अनुदानित. कॉलेज संस्थेचे असते, पण प्राध्यापकांचा पगार सरकार देते. येथेही फी बेताची असते.

तिसरा प्रकार विनाअनुदानित. सरकार पगार देत नाही. खर्च फीमधून निघतो. म्हणून फी मोठी असते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ साली, इंजिनिअरिंगची अशी कॉलेजे काढायला राज्याने परवानगी दिली. त्यामुळे जागा वाढल्या. मुलांना दूर कर्नाटकात जाण्याची गरज उरली नाही. पण खर्चाचे ओझे बापाच्या डोक्यावर आले.

एकाच कॉलेजात एक वर्ग अनुदानित आणि दुसरा विनाअनुदानित, असेही असते. म्हणून "हा वर्ग अनुदानित आहे का?" हा प्रश्न जरूर विचारा. आणि देणगी मागितली तर देऊ नका. प्रवेशासाठी देणगी घेणे हा १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवण्यासाठी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण नेमले आहे. जी फी दिली तिची पावती घ्या.

आजच्या सवलती

अनुसूचित जातीच्या मुलामुलींना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती आजही आहे. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते. तिच्या खर्चातले शंभरांतले साठ रुपये केंद्र सरकार देते, चाळीस राज्य देते. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि इतर मागास वर्ग यांच्यासाठीही योजना आहेत.

खुल्या वर्गातल्या गरीब मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फी-शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक शिक्षणाची निम्मी फी सरकार भरते.

मुलींसाठी २०२४ साली मोठा निर्णय झाला. आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण-फी आणि परीक्षा-फी पूर्ण माफ झाली. पूर्वी निम्मी माफ होती. मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीय पद्धतीने, म्हणजे 'कॅप'मधून झाला पाहिजे. संस्थेने आपल्या कोट्यातून दिलेल्या जागेला ही माफी नाही.

राहण्याजेवणासाठीही मदत आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणी झालेले मजूर यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 'स्वाधार' योजना आहे. आदिवासी मुलांसाठी 'स्वयं' योजना आहे. शाहू महाराजांना जे दिसले होते, ते सरकारला उशिरा का होईना दिसले.

उत्पन्नाच्या मर्यादा आणि रकमा सरकार बदलत असते. म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा, त्या वर्षी पुन्हा विचारा.

राहिलेला अर्ज

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला आम्हांला बरे वाटत नाही. पण तुमच्या उपयोगाची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एक मजूर बाप आमच्याकडे आला. त्याचा मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला होता. बापाने शिष्यवृत्तीचा कोरा अर्ज आमच्या हातात दिला. "गुरुजी, एवढं भरून द्या. आम्हांला काय कळतंय?" आम्ही म्हटले, "ठेव. बघतो." शाळेची तपासणी जवळ आली होती. अर्ज पिशवीत राहिला. आठवला तेव्हा तारीख उलटून गेली होती. तो बाप काही बोलला नाही. "राहू द्या गुरुजी, नशीब," एवढेच म्हणाला. तो मुलगा आज ऊसतोडीला जातो. रस्त्यात भेटला तर वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांला पेलवत नाही.

ते नशीब नव्हते. ती आमची हयगय होती. आणि बापाला वाचता येत नव्हते, म्हणून तो आमच्यावर विसंबला. सरकारने पाट सोडला होता. दार आमच्या हातून बंद राहिले.

दाव्याची म्हैस

दुसरी गोष्ट आताची आहे. आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येत असे. दोन एकर कोरडवाहू शेत, एक दुभती म्हैस, असा तिचा संसार. तिच्या मुलीला कॅपमधून इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कॉलेजच्या कचेरीत सांगितले, "आधी सगळी फी भरा. मागून परत मिळेल." नवऱ्याने म्हैस विकायचे ठरवले. गिऱ्हाईक गोठ्यापर्यंत आले.

बाई तशीच उठून आमच्याकडे आली. आमच्याजवळ शासनाच्या निर्णयाचा कागद होता. आम्ही म्हटले, "आम्ही वाचत नाही. तुम्हीच वाचा." तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावले. घाम आला तिला. 'शंभर टक्के' या शब्दांवर ती थांबली. पुन्हा वाचले. मग म्हणाली, "गुरुजी, हे तर सगळंच माफ आहे की हो!"

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन कचेरीत गेली. लेखी अर्ज दिला. खाली स्वतःची सही केली. फी न भरता मुलीचा प्रवेश पक्का झाला.

म्हैस दाव्यालाच राहिली. आता तिच्या दुधाच्या पैशातून मुलीच्या खानावळीचा काही भाग निघतो. भत्त्याचा अर्ज केला आहे. म्हैस विकली असती तर फी गेली असती आणि पोटाचा प्रश्न तसाच उरला असता.

हे ध्यानात ठेवा

उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला लागत असेल तर तो आणि त्याची पडताळणी, हे कागद बारावीच्या वर्षीच काढून ठेवा. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला तहसीलकडून मिळतो, जातीचा दाखला प्रांत कचेरीतून मिळतो. अर्ज सेवा केंद्रात करता येतो. जातपडताळणी समिती वेगळी असते. तिला वेळ लागतो.

बँकेतले खाते विद्यार्थ्याच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी ठिकाणी संगणकावर भरतात. भरल्यावर छापील प्रत मागून घ्या. शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.

कर्ज काढावे लागले तर सावकाराकडे जाण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. लहान कर्जाला तारण लागत नाही. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर सुरू होतात. पण कर्ज हे कर्जच. ते फेडावे लागते. आधी सवलत पाहा, मग कर्ज.

एवढे सगळे झाले तरी काम पुरे झालेले नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले होते की देशाच्या उत्पन्नातले शंभरांतले सहा रुपये शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच लिहिले आहे. अजून तेवढा खर्च होत नाही. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत कॉलेजच्या वयाच्या शंभर तरुणांमागे देशात सुमारे २८ आणि महाराष्ट्रात सुमारे ३५ इतकीच शिकणाऱ्यांची संख्या होती. २०३५ पर्यंत देशात ती ५० करावी, असे धोरण आहे. उरलेली मुले कोणाची? बहुतेक आपलीच. म्हणून मत मागायला येणाऱ्याला हे विचारले पाहिजे. वसतिगृह कधी होणार? शिष्यवृत्ती वेळेवर का येत नाही? विचारणे हा आपला हक्क आहे. तळ्यातले पाणी आपले आहे.

आणि एक. पाट शेताच्या बांधापर्यंत सरकार आणील. दार उघडायला आपल्यालाच जावे लागते. तुम्ही वाचायला शिकलात. आता दाराची कळ तुमच्या हातात आहे.

प्रश्न

१. मजूर माणूस सरकारला कर कसा भरतो?
२. शाहू महाराजांनी वसतिगृहे का काढली?
३. अनुदानित आणि विनाअनुदानित यांत फरक काय?
४. बाईने म्हैस विकली असती तर पुढे काय अडचण आली असती?
५. तुमच्या गल्लीत यंदा दहावी-बारावीला कोण आहे? त्यांच्या घरी जा. हा पाठ त्यांना वाचून दाखवा.