कोर्सची फी भरण्याआधी दोन सबनेट जोडून पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की नेटवर्किंगच्या क्लासमध्ये पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘याला स्कोप आहे ना?’ स्कोप आहेच. पण मुलाला हे काम आवडेल का, हा प्रश्न त्याआधीचा. आणि त्याचं उत्तर घरच्या घरी, फुकटात मिळतं.

समजा, एखाद्या कारखान्यात ऑफिसचे संगणक १९२.१६८.१०.० या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्यात, आहेत आणि उत्पादन विभागाचे १९२.१६८.२०.० मध्ये. दोन्ही सबनेट /२४, म्हणजे प्रत्येकात २५४ पत्ते वापरता येतात. एका सबनेटमधून दुसऱ्यात जायला मध्ये राउटर लागतो, आणि दोन नेटवर्क कार्डं असलेला साधा लिनक्स सर्व्हरही ते काम चोख करतो. हीच मांडणी व्हर्च्युअलबॉक्स या मोफत सॉफ्टवेअरवर एकाच लॅपटॉपमध्ये उभी राहते: तीन व्हर्च्युअल मशीन, मधल्याला दोन कार्डं.

पत्ते दिले, एका टोकाच्या मशीनवरून दुसऱ्या टोकाला पिंग केलं, काहीच झालं नाही. होणारच नव्हतं. लिनक्स आपणहून दुसऱ्याचं पॅकेट पुढे पाठवत नाही. ‘आयपी फॉरवर्ड’चं सेटिंग मुळात ० असतं, ते १ करावं लागतं. केलं. तरी पिंग होत नाही! इथे मुलांचे दोन गट पडतात. एक यूट्यूबवर दुसरा व्हिडिओ शोधू लागतो. दुसरा मधल्या सर्व्हरवर टीसीपीडम्प ही येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड चालवतो आणि बघतो: पॅकेट पहिल्या कार्डावर आलं, दुसऱ्यावरून बाहेरही पडलं, पण उत्तर येत नाही. म्हणजे घोळ पलीकडे आहे. तिथल्या मशीनला गेटवे, म्हणजे सबनेटबाहेर जायचा रस्ताच, दिलेला नाही, त्यामुळे उत्तर कुठून परत पाठवायचं हे त्याला कळत नाही. नाहीतर त्याची फायरवॉल आडवी आली आहे.

या दुसऱ्या गटातल्या मुलाने नेटवर्किंगला जावं. मार्कशीट काहीही म्हणो.

पुढचे रस्ते अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयचा हार्डवेअर व नेटवर्क मेंटेनन्स ट्रेड किंवा डिप्लोमा, बारावीनंतर पदवी. सोबत सिस्कोची सीसीएनए ही १२० मिनिटांची परीक्षा, ज्यात राउटिंगला भरपूर वजन असतं. रेड हॅटची आरएचसीएसए त्याहून कडक: प्रश्नांचे पर्याय नाहीत, प्रत्यक्ष मशीनवर काम करून दाखवायचं. आणि मशीन रीबूट केल्यावरही सेटिंग टिकलं पाहिजे. कमांडने नुसतं १ केलेलं आयपी फॉरवर्ड रीबूटनंतर पुन्हा ० होतं. ते फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. पाठांतरवाले नेमके इथे अडकतात.

‘हे तर वायरी जोडायचं काम’ असं म्हणणाऱ्या काकांना ४ ऑक्टोबर २०२१ ची आठवण करून द्यावी. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने फेसबुकची डेटा सेंटर्स जोडणारं जाळं कोसळलं, पाठोपाठ त्यांच्या सर्व्हरकडे जाणारे रूट इंटरनेटवरून गायब झाले आणि व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्रामसकट सगळं सुमारे सहा तास ठप्प झालं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगितलेली बरी: पहिली नोकरी बहुधा हेल्पडेस्कची किंवा शिफ्टमधल्या सपोर्टची असते. रात्रपाळी करावी लागते, मुलींनाही. घरात हे आधीच बोलून घ्या. आणि क्लास निवडताना ‘प्लेसमेंट किती टक्के?’ एवढंच विचारू नका; मुलांना बिघडलेलं नेटवर्क दुरुस्त करायला देता का, तेही विचारा.